लेखनाचं वेगळं खातं

गेल्या जानेवारीत माझी भाची सांगलीहून आली, ती तीन माहितीपत्रकांच्या छापील प्रती घेऊन. एक परदेशातल्या विद्यापीठाचं, एक मुंबईतल्या खासगी संस्थेचं आणि एक माझ्या घरापासून चालत दहा मिनिटांवर असलेल्या फिल्म इन्स्टिट्यूटचं. तिला पटकथा लिहायच्या आहेत. परदेशचा आकडा असा होता की तिच्या बाबांना राहतं घर तारण ठेवावं लागलं असतं, आणि ते तयारही होते. रात्री त्यांचा फोन आला. "ताई, तुम्ही इतकी वर्षं त्या रस्त्यावर राहता. तुम्ही सांगाल तसं करू." अशी जबाबदारी फोनवरून अलगद येऊन पडते आणि मग झटकता येत नाही.

मी लगेच काही सांगितलं नाही, कारण 1984 साली हाच प्रश्न घेऊन मी स्वतः इन्स्टिट्यूटच्या फाटकाशी उभी होते. बी. ए. झालं होतं, दोन एकांकिका लिहून झाल्या होत्या, त्यातली एक स्पर्धेत पडलीही होती. हातात आलेल्या कागदांत दिग्दर्शन होतं, छायालेखन होतं, संकलन आणि ध्वनिमुद्रण होतं. लेखनाचं वेगळं खातं नव्हतं. ते दिग्दर्शनाच्या पोटात. मला सेटवर उभं राहून माणसं हाकायची नव्हती, टेबलाशी बसून लिहायचं होतं. अर्ज घरी आणला, कपाटात ठेवला आणि भरला नाही. यात दोष कुणाचाच नाही, धीर माझाच झाला नाही. पुढे मुद्रितशोधन केलं, आकाशवाणीसाठी श्रुतिका लिहिल्या. पण ते खातं का नव्हतं, हे कुतूहल राहिलं. निवृत्तीनंतर त्याचाच माग काढत बसले आहे. भाचीला जे सांगितलं ते त्यातलंच.

सुरुवात इन्स्टिट्यूटच्याही आधी करावी लागते. 'प्रभात' 1929 साली कोल्हापुरात निघाली आणि 1933 साली पुण्यात आली. त्या आवारात पटकथा शिकवणारं कुणी नव्हतं. लिहिणारे आले ते कादंबरीतून, नाटकातून. नारायण हरी आपट्यांच्या 'न पटणारी गोष्ट'वरून 'कुंकू' (1937) झाला. शिवराम वाशीकरांनी 'संत तुकाराम' (1936) लिहिला, आणि शांताराम आठवल्यांनी त्यासाठी तुकोबांच्या धाटणीत रचलेलं एक पद तर कित्येकांना गाथेतलंच वाटलं. ज्याची वही आणि ज्याचा कॅमेरा ते एकाच आवारात असल्याशिवाय असं जमत नाही, असं मला वाटतं. दामले-फत्तेलाल मुळात कलाविभागातले. त्यांच्यासाठी लिहिताना वाशीकरांना शब्द कुठे थांबवायचे हे कळलं असणार. त्या सिनेमात जिजाई किती थोडं बोलते आणि किती कामं करत बोलते, ते पुन्हा एकदा पाहा.

आणि विश्राम बेडेकर. भाचीच्या परदेशी माहितीपत्रकाकडे पाहताना मला सारखे तेच आठवत होते. 'बलवंत'च्या मंडळींबरोबर सिनेमात पाऊल टाकल्यावर हा माणूस तिसाव्या दशकात चित्रपटाचं शिक्षण घ्यायला विलायतेला गेला. त्या काळात, मराठी लेखक! तिकडून त्यांनी काय आणलं? परतीच्या बोटीवरच्या दिवसांतून 'रणांगण' (1939) ही कादंबरी आली. मराठी वाचक त्यांना आजही त्या कादंबरीमुळेच ओळखतो. प्रभातसाठी त्यांनी 'शेजारी' (1941) लिहिला, आणि तोही उत्तम लिहिला. विलायतेचं शिक्षण फुकट गेलं असं मी म्हणणार नाही. पण पैसे ज्या गोष्टीसाठी भरावेत तीच गोष्ट मिळेल असं नसतं, एवढं त्यातून दिसतं.

पन्नाशीच्या दशकात प्रभातचे दिवे मालवले. त्याआधीच सरकारने स. का. पाटील यांच्या अध्यक्षतेखाली चित्रपट चौकशी समिती नेमली होती. तिचा अहवाल 1951चा. चित्रपट शिकवणारी संस्था हवी, ही त्यातलीच एक शिफारस. समितीत व्ही. शांतारामही होते. शिफारस अमलात यायला नऊ वर्षं गेली, आणि 1960 साली संस्था निघाली ती शांतारामांनी ज्या आवारात चित्रपट केले होते त्याच आवारात. पहिले प्राचार्य गजानन जागीरदार, 'रामशास्त्री'वाले. म्हणजे भिंती प्रभातच्या, पहिले गुरुजीही प्रभातचे.

तेव्हाच्या अभ्यासक्रमाचं नाव वाचून मी चमकले होते. 'पटकथालेखन आणि दिग्दर्शन'! लेखन आधी. 1962 साली केरळातला एक तरुण सरकारी नोकरी सोडून त्यासाठी पुण्यात आला. तो नाटकं लिहायचा. तो अडूर गोपालकृष्णन. 'स्वयंवरम्' (1972) यायला त्यानंतर दहा वर्षं होती. लिहायला आलेला माणूस बाहेर पडला तो दिग्दर्शक होऊन, आणि पुढे आपल्या चित्रपटांच्या पटकथा स्वतःच लिहीत राहिला.

हे एकट्या अडूर यांचं नाही. आवाराची हवाच तशी होती. 1964 साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघालं, पी. के. नायर यांनी जगभरच्या रिळांचा साठा जमवला, आणि सतीश बहादुर 'पथेर पांचाली'ची एकेक फ्रेम थांबवून शिकवू लागले. काही काळ ऋत्विक घटक तिथे होते. राय काय किंवा घटक काय, दोघंही स्वतःचं स्वतः लिहिणारे. अशा गुरूंच्या हाताखाली 'मला फक्त लिहायचंय' असं म्हणणारा विद्यार्थी जरा अपुराच वाटणार. फ्रेंच समीक्षकांनी दिग्दर्शकालाच चित्रपटाचा लेखक म्हणायला सुरुवात केली होती, ते वारंही होतं.

प्राग शहरातल्या फामू या चित्रपटशाळेत उलटं घडत होतं. तिथे पटकथेचा स्वतंत्र विभाग होता. मिलोश फोरमन त्या विभागातून शिकून निघाले, आणि मिलान कुंदेरांसारखा लेखक तिथे शिकवत होता. तिथलेच फ्रँक डॅनियल पुढे अमेरिकेत गेले आणि पटकथेची बांधणी शिकवत राहिले. प्रागचं शहाणपण अमेरिकेत गेलं, पुण्यात आलं नाही. याची मला थोडी खंत आहे. पण पुण्याने जे केलं ते चुकलं, असंही छातीठोकपणे म्हणवत नाही. मणी कौल आणि कुमार शहानी यांचे चित्रपट कुठल्याही बांधणीच्या वर्गातून आले नसते.

मग या शहरातले लिहिणारे कुठे शिकले? तेंडुलकरांनी 1942च्या चळवळीत शाळा सोडली ती सोडलीच. 'सामना' त्यांनी लिहिला तो जब्बार पटेलांसाठी, जे दौंडला दवाखाना चालवत होते. 'मंथन'च्या पटकथेला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. आणि मला सगळ्यांत आवडतो तो किस्सा 'घाशीराम कोतवाल'चा. नाटक 1972चं, पुण्याचं. 1976 साली मणी कौल, के. हरिहरन, सईद मिर्झा, कमल स्वरूप अशा इन्स्टिट्यूटमधून शिकलेल्या मंडळींनी 'युक्त' नावाची सहकारी संस्था काढून त्यावर चित्रपट केला. पटकथा तेंडुलकरांची, नट बरेचसे थिएटर अकॅडमीचे. शाळेतली मुलं आणि शाळा सोडलेला लेखक, अशी ती भेट. चित्रपट फार थोड्यांनी पाहिला आणि मलाही तो नाटकाइतका भिडत नाही, तरी पुण्यात पटकथा कशी शिकली गेली याचं ते नेमकं उदाहरण आहे.

सुमित्रा भावेंचं तसंच. समाजशास्त्राच्या अभ्यासक, चित्रपटाचं कुठलंही शिक्षण नाही. 'बाई' (1985) केला तो संशोधनातून. त्यांच्या जोडीला सुनील सुकथनकर होते, ते इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेले. 'दोघी'पासून 'कासव'पर्यंत लिहिणं बहुतेक सुमित्राताईंचं. पुढे उमेश कुलकर्णी इन्स्टिट्यूटमधून आले आणि 'देऊळ' (2011) लिहिला तो त्या आवाराबाहेरच्या गिरीश कुलकर्णींनी. पुण्यात लिहिणारा बहुधा भिंतीच्या बाहेर राहिला, पण भिंतीच्या आतल्या कुणाशी तरी त्याची दोस्ती होती.

पुणं नको असेल तर अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीचं अहमदनगर, आहे. करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे नागराज मंजुळे पुण्यातून मराठी घेऊन एम. ए. झाले आणि मग नगरच्या न्यू आर्ट्स कॉलेजात संज्ञापन शिकायला गेले. तिथे विद्यार्थी म्हणून केलेल्या 'पिस्तुल्या'ला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्या कॉलेजचं नाव परदेशातल्या कुठल्या यादीत नसेल. पण त्या भाषेतला संवाद ऐकून 'हे असं कुणी बोलत नाही' किंवा 'हे बरोबर आहे' असं सांगणारे लोक तिथे होते.

लेखनाचं वेगळं खातं पुण्यात आलं ते 2004च्या सुमारास. 'द्रोहकाल' आणि 'गुलाम'चे पटकथाकार अंजुम राजाबली यांनी ते उभं केलं. आधी एक वर्षाचा अभ्यासक्रम, मग तो दोन वर्षांचा झाला आणि मालिका व वेब सीरिजही त्यात आल्या. माझ्यापेक्षा वीस वर्षांनी. आणखी एक गोष्ट मला त्याइतकीच महत्त्वाची वाटते, ती 2012ची कॉपीराइट कायद्यातली दुरुस्ती. तिने चित्रपटासाठी लिहिणाऱ्याच्या रॉयल्टीच्या हक्काला कायद्यात जागा दिली. कुठल्याही संस्थेत प्रवेश घ्यायच्या आधी लेखकाने करार वाचायला शिकावं, हे मी भाचीला दोनदा सांगितलं. तिने दोनदा मान हलवली, म्हणजे ऐकलं नाही.

"मग मावशी, तुझं म्हणणं शाळेत जायचंच नाही?"

तसं नव्हतं. मी तिला तिन्ही माहितीपत्रकं पुन्हा वाचायला सांगितली, पण शुल्काचं आणि प्राध्यापकांचं पान सोडून. तिथे आणखी कोण शिकतं? छायालेखन, संकलन, ध्वनी शिकणारी मुलं त्याच इमारतीत आहेत का? तुझं लिहिलेलं पान कुणाच्या हातात पडून त्याचं चित्रीकरण होईल का, आणि ते वाईट दिसलं तर बघायला तू तिथे असशील का? परदेशचा विभाग निव्वळ लेखनाचा होता. टेबलाभोवती बसायचं आणि एकमेकांचं वाचायचं. त्यात वाईट काही नाही. पण तिच्या नव्या पटकथेत मिरजेतली सतार बनवणारी एक बाई आहे, आणि ती बाई बोलते मिरजेचं मराठी. ती वाक्यं इंग्रजीत करून वाचली की त्या टेबलावर कुणाला काय कळणार? मुंबईच्या संस्थेत सगळी खाती होती, धंदाही जवळ. तिथला खर्च मात्र पुण्याच्या कितीतरी पट.

"पण पुण्याची प्रवेशपरीक्षा मी पास झाले नाही तर?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण मी तिथवर गेलेच नव्हते. तिला कपाटातला तो अर्ज काढून दाखवला. कडांना कसर लागली होती. ती बराच वेळ बघत बसली, मग म्हणाली, "हा भरायला हवा होतास." मी म्हटलं, "हो."

दुसऱ्या दिवशी तिने कोल्हापूरच्या एका मैत्रिणीला फोन केला, जी लग्नाचे व्हिडिओ करते आणि जिच्याकडे चांगला कॅमेरा आहे. एप्रिलमध्ये दोघी मिरजेला जाऊन त्या पटकथेतले पहिले दोन प्रसंग चित्रित करून येणार असं ठरलं. पुण्याचा अर्ज तिने माझ्याच टेबलाशी बसून संगणकावर भरला. रात्री तिच्या बाबांचा फोन आला, घराच्या कागदांचं काय करायचं विचारत. मी म्हटलं, कागद बँकेत नेऊ नका, पण मिरजेला जायला पोरींना गाडी द्या.