कन्हानमधले प्रश्नचिन्ह

१९९९ साली मी खापरखेड्यात एका कंत्राटदाराच्या कचेरीत संगणकाचे काम पाहत होतो. गाव वीज केंद्राचे आणि कोळसाखाणींचे. कंत्राटी मजुरांची यादी हाच आमच्या कचेरीचा जीव. ती एका जुन्या सर्व्हरवर, कोष्टकांच्या डेटाबेसमध्ये होती आणि तिला एकच संगणक जोडलेला होता. मालकांना ती आणखी तीन टेबलांवर हवी होती. केबल टाकली, ड्रायव्हर बसवला, पासवर्ड दिला. दुपारपर्यंत यादी पडद्यावर आली. 'सावनेर' नीट होते, 'खापरखेडा' नीट होते. 'कन्हान' मात्र मधोमध फुटले होते : अर्ध्या 'न'च्या जागी प्रश्नचिन्ह.

केबल तपासण्यात मी तासभर घालवला. दोष केबलीत नव्हता, इतिहासात होता.

१९७० साली आयबीएममधल्या एडगर कॉड यांनी माहिती कोष्टकांत ठेवण्याची कल्पना मांडली. ती यंत्रात कुठे, कशी साठवली आहे हे वापरणाऱ्याला ठाऊक असण्याची गरज पडू नये, हा त्यामागचा विचार. १९७४ मध्ये चेंबरलिन आणि बॉइस यांनी कोष्टकांना प्रश्न विचारण्याची भाषा दिली. तीच पुढे एसक्यूएल झाली. १९९२ मध्ये मायक्रोसॉफ्टचे ओडीबीसी आले आणि टेबलावरचा साधा संगणक निरनिराळ्या कंपन्यांच्या सर्व्हरांशी एकाच रीतीने बोलू लागला. प्रश्न कसा विचारायचा हे ठरले. उत्तरातली अक्षरे कोणती, हे मात्र दोन्ही बाजूंनी आपापले सांगायचे होते.

मराठीची पंचाईत इथेच झाली. भारतीय लिप्यांसाठी इस्की हे प्रमाण १९९१ मध्ये ठरले, युनिकोडची पहिली आवृत्तीही त्याच वर्षीची. कचेऱ्यांतून मात्र फाँटची युक्ती चालली. इंग्रजी अक्षरांच्या घरांत देवनागरी आकार बसवायचे. आमच्या फाँटात साधी अक्षरे १२७ पर्यंतच्या घरांत होती, जोडाक्षरांचे अर्धे तुकडे त्यावरच्या घरांत. आमचा सर्व्हर स्वतःला सात बिटांचा इंग्रजी म्हणवून घेई. नवे संगणक विंडोजचा पश्चिम युरोपीय संच सांगत. दोघांत रूपांतर होताना वरच्या घरातले जे जुळेना, त्याचे प्रश्नचिन्ह होई. जुन्या संगणकावर कोणीतरी जाणत्याने सर्व्हरचाच संच लिहून ठेवला होता. दोन्हीकडे एकच नाव असले की रूपांतर होतच नाही, बाइट जसेच्या तसे ये-जा करतात. धडधडीत खोटे, पण त्यावर वर्षानुवर्षे मराठी टिकली होती. तो माणूस सोडून गेला. ही गोष्ट त्याने कुठे लिहून ठेवली नव्हती.

नुसते पाहण्याने काही बिघडत नव्हते. पण फुटलेली नोंद उघडून जतन केली की प्रश्नचिन्हच सर्व्हरवर जाऊन बसे आणि मूळ अक्षर कायमचे जाई. त्या दुपारी नव्या टेबलांवरून बऱ्याच नोंदी जतन झाल्या होत्या. भविष्यनिर्वाह निधीच्या कागदावरचे नाव आणि यादीतले नाव जुळले नाही, तर हेलपाटे मजुराला पडतात, कारकुनाला नव्हे.

तिन्ही संगणकांवर मी तेच खोटे लिहिले. मग रात्री मुकादम हजेरीपटावरून नावे वाचत गेले आणि मी टाइप करत गेलो. कृष्णा, प्रल्हाद, ज्ञानेश्वर : देवांची नावेच जास्त फुटली होती. एका ओळीवर पाणी सांडून शाई पसरली होती. तो मजूर काम सोडून गावी गेलेला. मुकादमांना त्याचा चेहरा आठवत होता, नाव नाही. ती नोंद तशीच ठेवली.