नाव एक, सरडे अनेक

१. इ. स. १७५८. स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ कार्ल लिनियस याने ‘लॅसर्टा’ या एकाच वंशात सरडे, पाली, मगरी आणि सॅलमँडरसारखे उभयचरही बसवले. चार पाय आणि शेपूट, एवढे साम्य त्याला पुरेसे वाटले.

२. पॅरिसमधील फ्रांस्वा दोदँ याने सरपटणाऱ्या प्राण्यांवर आठ खंडांचा ग्रंथ रचला. त्यात ५१७ प्रजातींचे वर्णन असून अनेक चित्रे त्याची पत्नी अ‍ॅडेल हिने काढली होती. तिशी ओलांडण्यापूर्वीच दोदँचे निधन झाले. १८०२ साली त्याने एका सरड्याला ‘अगामा व्हर्सिकलर’, म्हणजे रंग बदलणारा, असे नाव दिले. आपल्या कुंपणावर बसणारा, धडाच्या दुपटीहून लांब शेपटीचा तो हाच.

३. १८१७ साली कुव्हिए याने ‘कॅलोटिस’ हा वंश मांडला. पुढे दोदँचा सरडा त्यात गेला आणि ‘कॅलोटिस व्हर्सिकलर’ हे नाव रूढ झाले.

४. सरड्याची धाव कुंपणापर्यंत, असे म्हणतात. हे नाव मात्र इराणपासून आग्नेय आशियापर्यंत धावले. १८२५ साली रिचर्ड हार्लन याने कलकत्त्याच्या सरड्याला ‘व्हल्चुओसा’ हे वेगळे नाव दिले होते. तेही दीर्घकाळ ‘व्हर्सिकलर’चेच दुसरे नाव मानले गेले.

५. शंका आली, तरी पडताळणार कशाशी? दोदँचा मूळ नमुना हरवला होता. प्रजातीचे नाव अखेर ज्या नमुन्याला बांधलेले असते, तोच नसेल तर खरा ‘व्हर्सिकलर’ कोणता, हे ठरवता येत नाही.

६. २००६ साली म्यानमारमधून ‘इरावदी’ ही नवी प्रजाती वेगळी काढण्यात आली. २०१६ साली संशोधकांनी पुद्दुचेरीचा नमुना प्रमाण म्हणून निश्चित केला. २०२१ साली जनुके आणि शरीररचना एकत्र तपासल्यावर ‘व्हर्सिकलर’ हे नाव मुख्यत्वे दक्षिण भारतातील सरड्यांपुरते उरले. पूर्वेकडील गंगेच्या मैदानातील सरड्यांना हार्लनचे नाव जवळपास दोनशे वर्षांनी परत मिळाले. पाकिस्तानातील ‘फारुकी’ ही उपप्रजातीही स्वतंत्र ठरली.

७. हा वाद केवळ नावाचा नाही. सर्वत्र आढळणारा प्राणी सुरक्षित समजला जातो. तो एकच प्राणी नसून अनेक प्रजाती असतील, तर प्रत्येकीचा प्रदेश आकसतो, आणि त्यांतली एखादी नाहीशी होत असली तरी मोठ्या नावाखाली ती कोणाच्या लक्षातही येत नाही. ‘व्हर्सिकलर’ या नावाने झालेले जुने संशोधनही, नमुना कोठला होता हे पाहूनच आता वाचावे लागते.