शिसें आणि प्लॅटिनम

मोटारीच्या पोटाखालीं, इंजिन आणि सायलेन्सर यांच्या दरम्यान, एक पोलादी डबा बसविलेला असतो. त्यास कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असें म्हणतात. बहुतेक गाडीवाल्यांस त्याचें अस्तित्व प्रथम कळतें तें तो बदलण्याची पाळी येऊन गॅरेजवाल्यानें खर्चाचा आंकडा सांगितल्यावर! आंकडा ऐकून माणूस दचकतो, मिस्त्रीस चार शब्द सुनावतो आणि शेवटीं पैसे मोजतो. पण एवढ्याशा डब्यास एवढें मोल कां, आणि मुळांत तो मेला कशानें, हे दोन प्रश्न सहसा विचारीत नाहीं. आम्हांस हे दोन्ही प्रश्न इतिहासाचे वाटतात, आणि त्यांतला दुसरा अधिक महत्त्वाचा वाटतो.

डब्याच्या आंत भाजलेल्या मातीची, मधमाशीच्या पोळ्यासारखी सच्छिद्र वीट असते. एका चौरस इंचांत सुमारें 400 छिद्रें. त्यांच्या भिंतींवर प्लॅटिनम, पॅलेडियम व ऱ्होडियम या मौल्यवान धातूंचा अतिसूक्ष्म लेप दिलेला असतो. तप्त लेपावरून जातांना कार्बन मोनॉक्साइड, न जळलेलें पेट्रोल आणि नत्रवायूचीं विषारी ऑक्साइडें यांचें रूपांतर कार्बन डायऑक्साइड, पाण्याची वाफ आणि शुद्ध नत्रवायु यांत होतें. उत्प्रेरकाचा धर्म असा कीं, तो इतरांचा संयोग घडवून आणतो आणि स्वतः मात्र लग्न जुळविणाऱ्या मध्यस्थाप्रमाणें कोरडा राहतो. मग जो खर्ची पडत नाहीं तो बदलावा कां लागतो? कारण त्यास विष बाधतें. आणि त्यांतलें सर्वांत जालीम विष बराच काळ आपण स्वतःच पेट्रोलच्या टांकींत ओतीत होतों.

1921 सालच्या डिसेंबरांत जनरल मोटर्सच्या डेटन येथील प्रयोगशाळेंत टॉमस मिजली यांस असें आढळलें कीं, टेट्राएथिल लेड या शिशाच्या संयुगाचा अल्पसा अंश पेट्रोलमध्यें मिसळला असतां इंजिनाची ठोके देण्याची खोड जाते. शिसें विषारी आहे हें ज्ञान कांहीं नवें नव्हतें. आमच्या रसवैद्यांनीं त्यास 'नाग' हें नांव दिलें आणि शोधन केल्यावांचून तें पोटांत देऊं नये असा दंडक घातला. 1924 सालीं न्यू जर्सींतील बेवे येथील कारखान्यांत हें संयुग हाताळणारे पांच कामगार भ्रमिष्ट होऊन मेले. तथापि अल्पकाळ थांबलेली विक्री पुन्हां सुरू झाली. मालाचें नांव होतें 'एथिल'. शिसें हा शब्द त्यांतून शिताफीनें गाळलेला होता.

पुढें 1943 च्या जुलैंत लॉस एंजेलिस शहरावर एके दिवशीं इतकें दाट व डोळ्यांस झोंबणारें धुरकें उतरलें कीं, जपाननें विषारी वायु सोडला कीं काय अशी शंका लोकांस आली. या धुरक्याचें मूळ मोटारींच्या व तेलशुद्धीच्या कारखान्यांच्या धुरांत आहे हें पुढील दशकांत आरी हागेन-स्मिट यांनीं दाखवून दिलें. (हे गृहस्थ मूळचे डच, अननसाच्या वासाचें पृथक्करण करणारा हा रसायनज्ञ या उठाठेवींत पडला हें जगाचें भाग्यच.) त्यावर उपाय काढूं पाहणारा यूजीन हूड्री हा फ्रेंच मनुष्य तर आम्हांस या कथेचा खरा नायक वाटतो. पहिल्या महायुद्धांत तो रणगाड्यांच्या पथकांत लढला व जखमी झाला. नंतर उत्प्रेरकाच्या साहाय्यानें जड तेलापासून उंची पेट्रोल काढण्याची रीत त्यानें बसविली व 1930 सालीं तो अमेरिकेंत गेला. ज्यानें जगास पेट्रोल मुबलक करून दिलें त्यासच उतारवयांत त्याच्या धुराची चिंता लागावी, यांत आम्हांस एक प्रकारची सचोटी दिसते. त्याच्या कन्व्हर्टरास 1956 मध्यें पेटंट मिळालें. परंतु शिशाच्या पेट्रोलावर चालणाऱ्या गाडींत कोणताही उत्प्रेरक गुदमरून निकामी होई. 1962 सालीं हूड्री वारला तेव्हां त्याचा शोध सर्वसामान्य मोटारींत आलेला नव्हता.

1970 च्या डिसेंबरांत अमेरिकेंत शुद्ध हवेचा कायदा झाला. 1975 पासून नव्या मोटारींतून बाहेर पडणारा कार्बन मोनॉक्साइड व न जळलेलें इंधन हीं नव्वद टक्क्यांनीं घटलीं पाहिजेत असें त्यांत बजावलें होतें. त्याच वर्षाच्या आरंभीं जनरल मोटर्सनें पेट्रोलमधून शिसें काढण्याचा पुकारा केला होता. ज्या घरांत तें जन्मलें त्याच घरानें त्यास बाहेर काढा म्हणावें! एथिल कंपनींतील आपला हिस्सा तिनें 1962 सालींच विकून टाकला होता, ही गोष्ट येथें लक्षांत ठेवण्यासारखी आहे. 1974 सालीं शिसेरहित पेट्रोल पंपांवर ठेवणें भाग पडलें, आणि 1975 च्या बहुतेक अमेरिकन गाड्या कन्व्हर्टर घेऊनच बाजारांत आल्या.

येथें आमचें म्हणणें स्पष्ट मांडतों. शिसेरहित पेट्रोल प्रथम आलें तें प्लॅटिनमचा जीव वांचविण्याकरितां, मुलांचा नव्हे. माणसांच्या शरीरांतील शिसें नैसर्गिक प्रमाणाहून किती तरी पट वाढलें आहे, असें क्लेअर पॅटरसन यांनीं 1965 सालींच लिहिलें होतें. प्रकृतीच्या कारणास्तव शिशाचें प्रमाण उतरविणारा वेगळा नियम 1973 सालीं झाला खरा, पण त्यावर खटला होऊन तो न्यायालयांत टिकला 1976 मध्यें. तोंपर्यंत कन्व्हर्टरनें आपलें काम सुरूही केलें होतें. या दोहोंचा परिणाम असा कीं, 1976 ते 1980 या काळांत अमेरिकनांच्या रक्तांतील शिशाचें सरासरी प्रमाण सुमारें 37 टक्क्यांनीं घटलें. यंत्रास पथ्य लावलें आणि गुण आला माणसास.

हें पथ्य मोडणारेही निघालेच. नवें पेट्रोल कांहीं सेंटांनीं महाग. शिशाची जाड नळी आंत जाऊं नये म्हणून नव्या गाड्यांच्या टांकीचें तोंड मुद्दाम अरुंद ठेवलेलें. लोकांनीं काय केलें? कोणीं नरसाळें लावलें, कोणीं आंतली चकती फोडून टाकली. चार पैसे वांचले आणि कन्व्हर्टर मेला. बदली डबे कसे असावेत याचे नियमही 1986 सालीं अमेरिकन सरकारास करावे लागले.

आपल्याकडे हें पर्व वीस वर्षें उशिरां आलें. 1 एप्रिल 1995 पासून मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास येथें विकल्या जाणाऱ्या नव्या पेट्रोल गाड्यांस कन्व्हर्टर सक्तीचा झाला व तेथें शिसेरहित पेट्रोल मिळूं लागलें. देशभर शिसें बंद झालें 1 फेब्रुवारी 2000 रोजीं. मधल्या काळांत मुंबईची गाडी घाट चढून दूर गांवीं न्यावयाची तर टांकी कोठें भरावी याचा विचार मालकास आधीं करावा लागे. मोटारींसाठीं शिशाचें पेट्रोल जगांत शेवटचें विकलें गेलें अल्जीरियांत, 2021 च्या जुलैंत.

आज शिसें गेलें, तरी डबे मरतातच. रिंगा झिजून इंजिन-ऑइल जळूं लागलें कीं त्यांतील फॉस्फरसाचा थर लेपावर बसतो. प्लगची ठिणगी चुकली कीं न जळलेलें पेट्रोल डब्यांत येऊन पेटतें व वीट वितळते. हें कारण न शोधतां नुसता डबा बदलला तर नवाही त्याच वाटेनें जातो. कांहीं जण तर वीट फोडून रिकामा डबाच पुन्हां बसवितात. गाडी चालते, विष शेजाऱ्याच्या नाकांत जातें. याहून अप्रामाणिक दुरुस्ती आमच्या पाहण्यांत नाहीं. आणि ती फोडलेली वीटही भंगार नव्हे. तिच्यांतील कांहीं ग्रॅम धातु पुन्हां गाळून घेतां येतात. 2021 सालीं ऱ्होडियमचा भाव सोन्याच्या दसपटीहूनही वर चढला होता, आणि परदेशांत रात्रीं गाड्यांखालीं शिरून डबे कापून नेणाऱ्या टोळ्या निर्माण झाल्या होत्या. तेव्हां गॅरेजांत जुना डबा मेला कशानें हें विचारून झाल्यावर, तो गेला कोठें हेंही विचारण्यास हरकत नाहीं.