उपद्रवाचा झाला उत्सव

उत्सवांचा उगम धर्मांत असला, तरी गांवच्या पेठेंत ते रुजतात ते तेथील नागरिकांच्या खटपटीनें. अमेरिकेंतील हॅलोविन ह्या सणाचा इतिहास ह्या दृष्टीनें मोठा बोधप्रद आहे. ऑक्टोबरच्या ३१ तारखेची ही रात्र म्हणजे ख्रिस्ती सर्वसंतदिनाची पूर्वसंध्या होय. एकोणिसाव्या शतकांत आयर्लंड व स्कॉटलंड येथून अमेरिकेंत गेलेल्या लोकांनीं ती आपल्याबरोबर नेली, आणि तिच्याबरोबर त्या रात्रींच्या खोड्याही नेल्या. फाटकें उचलून नेणें, दुकानांच्या कांचांना साबण फासणें, परसांतील शौचकूप उलथून टाकणें, हे उद्योग तरुण मंडळी त्या रात्रीं जणूं हक्कानेंच करीत.

ह्यावर पोलिसांचा पहारा आणि वडीलधाऱ्यांचा उपदेश हे दोन उपाय कोणासही सुचण्यासारखे होते. कॅन्सस राज्यांतील हायावाथा गांवच्या एलिझाबेथ क्रेब्स ह्या बाईंनीं मात्र निराळाच विचार केला. त्यांची बाग ह्या रात्रीं तुडविली जाई. मुलें खेळून दमलीं म्हणजे नासधूस करण्यास त्यांच्या अंगांत बळ उरणार नाहीं, असा त्यांचा हिशेब होता. सन १९१३ मध्यें त्यांनीं पदरमोड करून मुलांसाठीं मेजवानी केली. पण एका घरचा पाहुणचार साऱ्या गांवाला पुरा पडणार कसा? उपद्रव थांबला नाहीं. बाईंनीं हाय खाल्ली नाहीं. सन १९१४ मध्यें त्यांनीं सर्व गांवच हाताशीं धरला, आणि वेषांतराच्या स्पर्धा, बँड व मिरवणूक असा सोहळा झाला. तो आजही होत असतो.

मिनेसोटा राज्यांतील अनोका शहराची कथा अशीच आहे. तेथें एका हॅलोविनच्या दुसऱ्या दिवशीं लोक उठून पाहतात तों मुख्य रस्त्यावर गाई मोकाट फिरत आहेत व खिडक्या साबणानें बरबटल्या आहेत! तेव्हां सन १९२० मध्यें शहरांतील प्रमुख मंडळींनीं एक समिती नेमली. व्यापाऱ्यांचें मंडळ व किवानिस क्लब ह्यांनीं कार्य अंगावर घेतलें. मिरवणूक निघाली, मोठी शेकोटी पेटली, आणि मुलांना गोळ्या, भुईमुगाच्या शेंगा व मक्याच्या लाह्या फुकट वांटण्यांत आल्या. सन १९३७ मध्यें तर १२ वर्षांच्या एका मुलानें, अनोका ही जगाची हॅलोविन-राजधानी असल्याचा जाहीरनामा वॉशिंग्टनला नेला. दुसऱ्या महायुद्धांत १९४२ व १९४३ हीं दोन वर्षें मात्र सोहळा बंद राहिला.

ह्या उपायाचें मर्म वाचकांनीं क्षणभर पाहावें. ज्या दुकानदाराच्या कांचेला साबण लागे, तोच आतां यजमान झाला. आणि साबण लावणारा मुलगा त्याच रस्त्यावरून, सर्वांच्या देखत, सोंग घेऊन मिरवूं लागला. खोडीला अंधार लागतो, सोंगाला प्रेक्षक लागतात. मुलांची हौस तीच राहिली. तिला जागा मात्र उजेडांत मिळाली. ह्यांत दुकानदारांचा स्वार्थ नव्हता असें नाहीं. कांच शाबूत राहणें व पेठेंत गर्दी होणें हें दोन्ही त्यांच्या लाभाचेंच होतें. पण जो स्वार्थ शेजाऱ्याच्या मुलाच्या हातावर खाऊ ठेवून साधतो, त्याला नांवें ठेवण्यास आम्ही तयार नाहीं.

तथापि व्यापार व उत्सव ह्यांचा संबंध सर्वत्र इतका निष्पाप राहत नाहीं. मॅसॅच्युसेट्स राज्यांतील सेलम येथें सन १६९२ मध्यें चेटकाच्या आरोपावरून १९ माणसांना फांशीं देण्यांत आलें व एका वृद्धास दगडांखालीं चिरडून मारण्यांत आलें. त्याच शहरांत व्यापारी संस्था व एक संग्रहालय ह्यांच्या पुढाकारानें सन १९८२ मध्यें हॅलोविनचा सोहळा सुरू झाला. आरंभीं तो थोड्या दिवसांचा होता; आतां सारा ऑक्टोबर महिना व्यापतो. प्रवासी लोटतात, दुकानें गजबजतात, आणि चेटकिणीचें चित्र हें विक्रीचें चिन्ह होऊन बसलें आहे. वस्तुतः मारलेल्यांपैकीं चेटूक करणारें असें कोणीच नव्हतें. सन १९९२ मध्यें तेथें स्मारक उभारण्यांत आलें. भिंतींतून पुढें आलेल्या २० दगडी बैठकांवर त्या २० जणांचीं नांवें व मृत्यूच्या तारखा कोरलेल्या आहेत.

पेठेनें उत्सव भरवावा, त्यांतून चार पैसे मिळवावे, ह्यांत गैर कांहीं नाहीं. हायावाथा व अनोका येथें पेठेनें आपल्याच गांवचीं मुलें जवळ केलीं, हें त्या उत्सवांचें भूषण होय. सेलमपुढील प्रश्न अवघड आहे. तेथें ज्यांचा मान राखावयाचा, तीं माणसें तीन शतकांपूर्वींच गेलीं, व तीं तक्रार करूं शकत नाहींत. त्यांच्या वतीनें बोलण्याचें काम केवळ त्या २० दगडांवर सोपवून पेठेनें मोकळें होऊं नये, असें आम्हांस वाटतें.