विद्यापीठाचे आवार, वाहनाचा परवाना आणि दाद मागण्याचा अधिकार

विद्यापीठांचा इतिहास लिहिताना अभ्यासक सनदा, अध्यासने, ग्रंथालये आणि परीक्षा यांचा परामर्श घेतात. आवारात गाडी कोणी आणावी, ती कोठे उभी करावी, आणि झालेला दंड अन्यायाचा वाटल्यास दाद कोणाकडे मागावी, हे प्रश्न त्यांना इतिहासाच्या योग्यतेचे वाटत नाहीत. ते ज्यांना रोज सोडवावे लागले त्यांचे मत मात्र निराळे होते. क्लार्क केर हे १९५२ ते १९५८ या काळात बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाचे चान्सेलर आणि पुढे १९६७ पर्यंत त्या सबंध विद्यापीठसमूहाचे अध्यक्ष होते. आधुनिक विद्यापीठातील अध्यापकांना एकत्र बांधून ठेवणारे सूत्र कोणते असेल, तर ते म्हणजे गाडी लावण्याच्या जागेविषयीची त्यांची सामायिक तक्रार, अशा आशयाचा शेरा त्यांनी १९६३ च्या हार्वर्ड येथील व्याख्यानांत मारला होता. हा शेरा विनोद म्हणून पुष्कळ सांगितला जातो. त्यामागचा इतिहास फारसा कोणी सांगत नाही.

आमचे म्हणणे असे की, आवारातील वाहनाचा परवाना आणि त्यासंबंधीच्या दंडावरील अपील या दोन गोष्टी आज एकाच कचेरीत नांदत असल्या तरी त्यांचे कूळ एक नाही. परवाना हा विद्यापीठाच्या पालकत्वातून निघाला. अपिलाचा अधिकार मात्र विद्यापीठाविरुद्ध झगडून मिळालेला आहे, आणि त्याची एक महत्त्वाची लढाई, योगायोगाने, चार गिन्यांच्या फीवरून झाली. या दोहोंचा उगम पाहण्यासाठी प्रथम इंग्लंडातील केंब्रिज येथे गेले पाहिजे.

केंब्रिजच्या विद्यार्थ्यांना वाहन पुरविणारा सर्वांत प्रसिद्ध मनुष्य म्हणजे टॉमस हॉब्सन. लंडन-केंब्रिज मार्गावर तो टपाल व माल वाहून नेई आणि फावल्या वेळी आपली घोडी विद्यार्थ्यांना भाड्याने देई. तरुण मंडळी चांगले घोडे निवडून ते दौडवून बेजार करीत. म्हणून त्याने नियम केला की, तबेल्याच्या दाराशी जो घोडा उभा असेल तोच घ्यावा, नाही तर चालू लागावे. इंग्रजीत ‘हॉब्सनची निवड’ हा वाक्प्रचार यावरून रूढ झाला. प्लेगच्या साथीमुळे लंडनची फेरी बंद पडलेली असताना १६३१ च्या प्रारंभी हा वृद्ध वारला, तेव्हा तेथेच शिकत असलेल्या मिल्टनने त्याच्यावर मृत्युलेखवजा कविता केल्या. हॉब्सनचा नियम कठोर होता खरा. परंतु तो उमरावाच्या मुलाला आणि गरीब शिष्यवृत्तिधारकाला सारखाच लागू होता. पुढे येणाऱ्या नियमांविषयी असे म्हणता येणार नाही.

विद्यापीठाने स्वतः वाहनाच्या बाबतीत किती दूरवर हात पोचविला होता, हे आगगाडीच्या वेळी दिसून आले. केंब्रिजला रेल्वे १८४५ मध्ये आली. परंतु तत्पूर्वीच, ईस्टर्न कौंटीज कंपनीच्या १८४४ च्या कायद्यात, विद्यापीठाने आपल्या सोयीची कलमे घालून घेतली होती. विद्यापीठाच्या अधिकाऱ्यांना स्थानकात शिरून विद्यार्थ्यांची चौकशी करण्याची मुभा होती. त्यांनी सांगितल्यास, एम्. ए. न झालेल्या सदस्याला, त्याने भाडे भरलेले असले तरीही, गाडीत घेण्यास कंपनीने नकार द्यावा असे बंधन होते. रविवारी सकाळी दहा ते सायंकाळी पाच या वेळात केंब्रिजच्या तीन मैलांच्या आत उतारू चढविल्यास अथवा उतरविल्यास कंपनीला पाच पौंड दंड. तिकीट काढलेल्या प्रौढ माणसाला, तो विद्यार्थी आहे एवढ्याच कारणाने, फलाटावरून परत फिरविण्याचा हा अधिकार होता. त्याविरुद्ध त्याला तेथे कोणी विचारील अशी व्यवस्था नव्हती.

आपले रँग्लर परांजपे १८९९ मध्ये केंब्रिजच्या गणित परीक्षेत प्रथम स्थानाचे सहमानकरी ठरले, तो काळ सायकलीचा व घोडागाडीचा होता. विसाव्या शतकात मोटारी आल्या तेव्हा विद्यापीठाने आगगाडीच्या वेळचेच सूत्र पुढे चालविले. ग्रेट सेंट मेरी या चर्चपासून दहा मैलांच्या आत विद्यार्थिदशेतील कोणीही परवान्याशिवाय मोटार ठेवू अथवा वापरू नये, असा नियम झाला आणि परवाने देण्यासाठी एक खास प्रॉक्टर नेमला गेला. त्याला ‘मोटार प्रॉक्टर’ असेच म्हणू लागले. अंतर चर्चपासून का मोजावयाचे, याचे उत्तर अठराव्या शतकात आहे. ट्रिनिटी हॉलचे विल्यम वॉरन यांनी १७२५ पासून लंडनच्या दिशेने जे मैलाचे दगड बसविले, ते याच चर्चपासून मोजले होते. ऑक्सफर्डची रीत याहून गमतीची होती. तेथील विद्यार्थ्याला मोटार ठेवण्याची अनुज्ञा मिळाली, तर गाडीच्या पुढील बाजूस हिरवा दिवा लावावा लागे, म्हणजे रात्री प्रॉक्टरला गाडी दुरूनच ओळखता यावी. प्रॉक्टर हा मुळात रस्त्यावर हिंडून, झगा न घातलेल्या विद्यार्थ्याला सहा शिलिंग आठ पेन्स दंड करणारा अधिकारी. मोटारीचा परवाना त्याच्याच हाती जावा, यावरून त्याचे कूळ स्पष्ट होते. या परवान्यात जागेचा प्रश्न गौण होता. मुलगा रात्री कोठे जातो, हा प्रश्न मुख्य होता.

आता दुसऱ्या प्रवाहाकडे वळू. १७१७ मध्ये राजा पहिला जॉर्ज केंब्रिजला आला आणि त्या निमित्ताने अनेकांना धर्मशास्त्राची डॉक्टर ही पदवी देण्यात आली. त्या विषयाचे राजनियुक्त प्राध्यापक आणि ट्रिनिटी कॉलेजचे मास्टर रिचर्ड बेंटली यांनी प्रत्येक पदवीधराकडे चार गिन्यांची जादा फी मागितली. बेंटली हे त्या काळचे थोर ग्रीक-लॅटिन पंडित आणि तितकेच भांडखोर गृहस्थ. कॉनियर्स मिडल्टन याने ती फी परत मिळावी या अटीवर भरली व ती मिळत नाही असे पाहून कुलगुरूंच्या न्यायालयात फिर्याद केली. बेंटली हजर झाले नाहीत. उलट कुलगुरूंनी मूर्खपणा केला असे ते म्हणाल्याचा आरोप त्यांच्यावर आला. ऑक्टोबर १७१८ मध्ये विद्यापीठाने त्यांच्या सर्व पदव्या काढून घेतल्या. त्यांना या आरोपाचे उत्तर देण्यासाठी बोलावण्यातच आले नव्हते.

बेंटलींनी किंग्ज बेंच न्यायालयाकडे धाव घेतली. निकाल १७२४ च्या प्रारंभी लागला (जुन्या पंचांगात वर्ष २५ मार्चला बदलत असल्याने कायद्याच्या ग्रंथांत हा खटला १७२३ चा म्हणून आढळतो). विद्यापीठाच्या अंतर्गत कारभारात आम्हांस लक्ष घालता येत नाही, असे न्यायालय म्हणाले नाही. म्हणणे ऐकून न घेता शिक्षा केली, म्हणून पदव्या परत द्या, असा आज्ञालेख निघाला. या वेळी न्यायमूर्ती फोर्टेस्क्यू यांनी बायबलातील दाखला दिला: आदमाने फळ खाल्ले हे सर्वज्ञ ईश्वराला ठाऊकच होते, तरी बागेतून घालविण्यापूर्वी त्यानेही आदमाला हाक मारून खुलासा विचारला. हा दाखला फार दूरवर गेला. १९७७ मध्ये मोहिंदरसिंग गिल यांच्या निवडणूकविषयक खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी नैसर्गिक न्यायाची परंपरा सांगताना आदमाच्या जोडीला कौटिलीय अर्थशास्त्राचेही नाव घेतले.

बेंटली हे कॉलेजचे मास्टर होते, वकील लावण्यास समर्थ होते. विद्यार्थ्यापर्यंत हे तत्त्व पोचण्यास फार काळ लागला, आणि ते पोचले तेव्हा स्थळ बदललेले होते. मोटारीने विद्यापीठाला खरोखर वेढले ते अमेरिकेत. फोर्डची मॉडेल टी १९२५ मध्ये २६० डॉलरपर्यंत उतरली आणि सामान्य विद्यार्थीही जुनी गाडी घेऊन येऊ लागला. तेथील विद्यापीठांची पहिली प्रतिक्रिया केंब्रिजहून भिन्न नव्हती. मिशिगन विद्यापीठाने १९२७ मध्ये, क्लॅरेन्स कुक लिट्ल अध्यक्ष असताना, विद्यार्थ्यांना मोटार चालविण्यास बंदी केली. अपवाद करावयाचा तो अधिकाऱ्याच्या मर्जीने. प्रिन्स्टननेही त्याच वर्षी बंदी केली. अपघात, अभ्यासाची हेळसांड आणि नीती ही कारणे पुढे करण्यात आली. विद्यापीठ हे आईबापांच्या जागी आहे, असा जो सिद्धांत तेथे मान्य होता, त्याचाच हा एक आविष्कार होय.

दुसऱ्या महायुद्धाने हा सिद्धांत निकालात काढला. १९४४ च्या कायद्यान्वये परत आलेल्या सैनिकांच्या शिक्षणाचा खर्च सरकारने उचलला, आणि १९४७ मध्ये महाविद्यालयांत दाखल झालेल्यांपैकी सुमारे निम्मे हे माजी सैनिक होते. रणगाडा चालवून आलेल्या, बायकामुले असलेल्या माणसाला विद्यापीठाने मोटार चालविण्याची परवानगी मागावयास लावावे, हे हास्यास्पद ठरले. मग परवान्याचा अर्थच पालटला. तू गाडी चालवावीस की नाही, या प्रश्नाच्या जागी, ती कोठे उभी करावीस, हा प्रश्न आला. एका मोटारीस, वळण्याची वाट धरून, सुमारे ३०० चौरस फूट भूमी लागते. पुष्कळ प्राध्यापकांना बसावयास मिळणारी खोली याहून लहान असते. रस्त्यावर नाणे टाकून जागा मोजून देणारा मीटर १९३५ मध्ये ओक्लाहोमा सिटीत प्रथम बसविण्यात आला. तोही ओक्लाहोमाच्या कृषी व यंत्र महाविद्यालयातील एक प्राध्यापक आणि तेथीलच एक पदवीधर यांनी तयार केलेला होता. परंतु आवाराच्या आत विद्यापीठांनी नाण्यापेक्षा दर्जाला अधिक मान दिला. अध्यापकांना एका अक्षराचा परवाना, नोकरवर्गाला दुसऱ्या, विद्यार्थ्यांना तिसऱ्या. बर्कलीत तर नोबेल मानकऱ्यांसाठी राखीव जागा आहेत आणि त्या फलकांवर तशी अक्षरे आहेत. सामान्य परवाना मात्र विशिष्ट जागेची हमी देत नाही. म्हणून अमेरिकन आवारांत त्याला थट्टेने ‘शिकारीचा परवाना’ म्हणतात. हॉब्सनच्या तबेल्यात निदान दाराशी एक घोडा तरी उभा असे.

जागेची वाटणी आली म्हणजे दंड आला, आणि दंडाबरोबर बेंटलींचा प्रश्न आला. नियम करणारे विद्यापीठ, चिठ्ठी लावणारा त्याचाच शिपाई, दंड जमा होणार त्याच्याच वाहनविभागात, आणि तक्रार ऐकणारा त्याच विभागाचा अधिकारी. कोणीही आपल्याच दाव्यात न्यायाधीश होऊ नये, या तत्त्वाचा याहून सरळ भंग सापडणे कठीण. तथापि रक्कम लहान म्हणून विधिज्ञांचे तिकडे लक्ष नव्हते. १९६१ मध्ये डिक्सन खटल्यात अमेरिकेच्या संघीय अपील न्यायालयाने, सरकारी महाविद्यालयाने विद्यार्थ्यास काढून टाकण्यापूर्वी त्याला आरोप कळविला पाहिजे व त्याचे म्हणणे ऐकले पाहिजे, असा निर्णय दिला. अलाबामा राज्यातील कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी वर्णभेदाविरुद्ध केलेल्या सत्याग्रहातून तो खटला उद्भवला होता. एवढ्या मोठ्या अन्यायाशी दंडाच्या चिठ्ठीची तुलना करणे अप्रस्तुत होईल. परंतु विद्यापीठ हे विद्यार्थ्याचे आईबाप नसून त्याच्याशी कायद्याने बांधलेली संस्था आहे, ही समजूत त्या निर्णयानंतर दृढ झाली, आणि तिचा लाभ लहान बाबींनाही मिळाला.

कॅलिफोर्नियाचा कायदा या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. गाडी लावण्यासंबंधीचे दंड १९९३ पासून तेथे फौजदारी न्यायालयातून काढून दिवाणी स्वरूपाच्या पद्धतीत आणले गेले, आणि विद्यापीठांच्या आवारांतील चिठ्ठ्यांसही तीच पद्धत लागू झाली. चिठ्ठी मिळाल्यापासून २१ दिवसांत प्रथम फेरविचार मागता येतो. तो विनामूल्य असतो. तो फेटाळला गेल्यास सुनावणी मागता येते. त्या वेळी दंडाची रक्कम अनामत भरावी लागते, परंतु ती भरण्याची ऐपत नाही हे दाखविणाऱ्यास सवलत आहे. सुनावणी करणाऱ्या परीक्षकाविषयी कायद्यात एक वाक्य मुद्दाम घातलेले आहे, त्याचा भावार्थ असा की, त्याची नोकरी, पगार किंवा कामाचे मूल्यमापन यांचा संबंध वसूल होणाऱ्या दंडाशी प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष रीतीने जोडता कामा नये. हे वाक्य ज्याने लिहिले त्याला विद्यापीठाची कचेरी आतून माहीत असावी असे वाटते.

येथेही परीक्षक नेमतो कोण, तर ज्या संस्थेने दंड केला तीच. एवढे न्यून राहिलेच आहे. म्हणून शेवटचा दरवाजा बाहेर ठेवला आहे. परीक्षकाचा निर्णय मान्य नसल्यास ३० दिवसांत वरिष्ठ न्यायालयात जाता येते. तेथे प्रकरण पुन्हा पहिल्यापासून ऐकले जाते. फी २५ डॉलर आहे, आणि निकाल गाडीवाल्याच्या बाजूने लागला तर ती फी व भरलेला दंड विद्यापीठाला परत करावा लागतो.