मेमरीज ऑफ मर्डर

दक्षिण कोरियन रहस्यपट (२००३). दिग्दर्शक बाँग जून-हो. हा त्यांचा दुसरा चित्रपट. ग्याँगी प्रांतातील ह्वासाँग परिसरात १९८६ ते १९९१ या काळात लागोपाठ दहा मुली-स्त्रियांचे खून झाले. त्या प्रकरणावर आणि त्यावरच बेतलेल्या किम क्वांग-रिम यांच्या नाटकावर चित्रपट आधारलेला आहे. सान सेबास्टियन महोत्सवात बाँग यांना उत्कृष्ट दिग्दर्शनाचे पारितोषिक मिळाले. कोरियन थरारपट पाहायला लागायचे, तर सुरुवात इथून करावी.

पाक दू-मान (साँग कांग-हो) हा गावचा पोलीस. डोळ्यांत डोळे घातले की गुन्हेगार कळतो, अशी त्याची बढाई. सोलहून आलेल्या सो ते-युनचा (किम सांग-क्यंग) सारा भरवसा कागदपत्रांवर. पण शेवटी भर पावसात संशयितावर पिस्तूल रोखतो तो हा सोलवालाच.

शेतातले एक लांबलचक दृश्य नीट पाहावे. मातीत बुटाचा एकुलता ठसा उमटला आहे. आसपास बघ्यांची झुंबड, हुंदडणारी पोरे, उतारावरून घसरून पडणारे वरिष्ठ. दू-मान ओरडत राहतो आणि ट्रॅक्टर ठशावरून निघून जातो. प्रेक्षक हसतो खरा, पण पुरावा गेलेला असतो. कोठडीत मतिमंद मुलाला मारहाण करून जबाब पढवला जातो. ऐन गरजेच्या रात्री जादा कुमक मागावी, तर ती निदर्शने मोडायला गेलेली. तत्कालीन लष्करी हुकूमशहा चुन दू-ह्वान यांच्या राजवटीचे असे चित्र भाषणबाजी करणाऱ्या राजकीय चित्रपटांतही क्वचितच दिसते.

चित्रपट आला तेव्हा खुनी कोण हे कळले नव्हते. त्यामुळे उलगडा नाही. अखेरीस दू-मान थेट कॅमेऱ्यात रोखून पाहतो. खरा खुनी कधीतरी प्रेक्षागृहात येऊन बसेल, या विचाराने बाँग यांनी तो शॉट घेतला होता.

२०१९मध्ये डीएनए चाचणीवरून ली चुन-जे याचे नाव निघाले. मेहुणीच्या खुनाबद्दल तो १९९४पासून तुरुंगातच होता. त्याने १४ खून कबूल केले. मात्र खटला भरण्याची मुदत २००६मध्येच संपल्याने त्यांबद्दल शिक्षा होऊ शकली नाही. दहांपैकी आठव्या खुनासाठी भलत्याच माणसाने सुमारे २० वर्षे तुरुंगवास भोगला होता. मारझोड करून त्याची कबुली घेतली गेली होती. २०२०च्या फेरखटल्यात तो निर्दोष सुटला.

यापुढे ‘द चेसर’ (२००८, ना हाँग-जिन) पाहावा. त्यात खुनी लवकरच हाती लागतो, तरी पोलिसांना त्याला अडकवून ठेवणे जमत नाही. मग बाँग यांचाच ‘मदर’ (२००९). ‘ओल्डबॉय’ची (२००३, पाक चान-वुक) ख्याती याहून मोठी, पण ती सूडकथा आहे, पोलीस तपासाचे वेड असलेल्यांनी ती नंतर पाहिली तरी चालेल.