तेवीस अंश अकरा कला

भारताच्या राजपत्रावर इंग्रजी तारखेच्या शेजारी शालिवाहन शकाची तारीख छापलेली असते. आपणां सरकारी नोकरांच्या हातांखालून असे कागद नित्य जातात. परंतु ती दुसरी तारीख वाचण्याचे श्रम क्वचितच कोणी घेतो. १९५२ साली नेमलेल्या दिनदर्शिका-सुधारणा समितीच्या शिफारशीवरून ती २२ मार्च १९५७ पासून चालू झाली. समितीचे अध्यक्ष डॉ. मेघनाद साहा होते. सभासदांत नागपूरचे डॉ. के. ल. दप्तरी, पुण्याचे ज. स. करंदीकर आणि उज्जैनच्या माधव कॉलेजातील प्रा. वैद्य हेही होते. राष्ट्रीय पंचांगाच्या गणितासाठी समितीने एक मध्यवर्ती स्थान कल्पिले : पूर्व रेखांश ८२ अंश ३० कला, उत्तर अक्षांश २३ अंश ११ कला. यांतील पहिला आकडा भारतीय प्रमाणवेळेचा, म्हणून सर्वपरिचित. दुसरा मात्र उज्जयिनीचा आहे.

प्राचीन भारतीय ज्योतिषी लंका, उज्जयिनी, कुरुक्षेत्र आणि मेरू यांवरून जाणारी रेषा मुख्य मध्यरेषा मानीत. इंग्रजी अमदानीत हा मान ग्रीनिचकडे गेला आणि प्रमाणवेळेची रेषाही उज्जयिनीच्या बरीच पूर्वेला ठरली. रेखांश गेला, अक्षांश तेवढा उरला. त्या अक्षांशाचा प्रत्यय आजही उघड्या डोळ्यांनी घ्यावयाचा असेल, तर क्षिप्राकाठच्या जयसिंहाच्या वेधशाळेत जावे.

उज्जैनला जाणारा मराठी माणूस महाकालाचे दर्शन घेऊन परततो. त्याने अर्धा दिवस अधिक ठेवावा, आणि तोही निरभ्र पाहून. कारण येथील यंत्रे सूर्यावाचून मुकी आहेत. सम्राट यंत्राच्या जिन्याच्या भिंती क्षितिजाशी बरोबर स्थानिक अक्षांशाएवढा कोन करून उत्तरेकडे चढत जातात, म्हणजेच पृथ्वीच्या अक्षाला समांतर असतात. त्यांची सावली दोन्ही बाजूंच्या वर्तुळखंडांवर सरकते आणि वेळ दाखविते. ती वेळ घड्याळाशी जुळत नाही, म्हणून पुष्कळ प्रेक्षक हसतात. चूक यंत्राची नव्हे. उज्जैनचा मध्यान्ह प्रमाणवेळेच्या मागे सुमारे २७ मिनिटे असतो. शिवाय सूर्याची गती वर्षभर सारखी नसल्यामुळे आणखी दुरुस्ती लागते. नोव्हेंबरच्या आरंभी यंत्राच्या वेळेत सुमारे ११ मिनिटे मिळविली की पुरे, फेब्रुवारीच्या मध्यास ४१ मिळवावी लागतात.

नाडीवलय यंत्र दिसावयास अगदी साधे. विषुववृत्ताला समांतर बसविलेल्या वर्तुळाला उत्तर आणि दक्षिण असे दोन चेहरे आहेत. मार्च ते सप्टेंबर ऊन उत्तरेच्या चेहऱ्यावर पडते, उरलेले सहा महिने दक्षिणेच्या. भूगोलाच्या पुस्तकातील उत्तरायण-दक्षिणायनाची आकृती ज्याला कधी उमगली नाही, त्याने मुलांसह येथे पाच मिनिटे उभे राहावे. दिगंश यंत्र आणि याम्योत्तर भिंत यांविषयी येथे विस्तार करीत नाही. वेधशाळेत दुर्बीणही आहे. परंतु चंद्राचे डाग इतरत्रही दिसतात, ही सावली इतरत्र दिसत नाही.

हे सर्व जयसिंहाने कशासाठी उभारले? १७२४ मध्ये दिल्लीस पहिली वेधशाळा बांधून त्याने पुढे जयपूर, मथुरा, काशी आणि उज्जैन येथे बांधल्या. कोष्टकांतले ग्रह आणि आकाशातले ग्रह जुळत नाहीत, हे त्याचे दुखणे होते. जयसिंह माळव्याचा सुभेदार होता. त्याच काळात मराठे माळव्यात शिरले, आणि १७४१ मध्ये सुभा पेशव्यांकडे आला. उज्जैन शिंद्यांचे झाले. राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा यांनी महाकालाचे देऊळ पुन्हा उभारले, हे आपण अभिमानाने सांगतो. त्याच गावातील वेधशाळेकडे मात्र आपल्या कोणा मुत्सद्द्याने पाहिल्याचे दिसत नाही. विल्यम हंटर नावाच्या इंग्रज शल्यवैद्याने तिचे वर्णन १७९९ साली प्रसिद्ध केले. जयसिंहाच्या एका ज्योतिषाचा तरुण नातू त्यास उज्जैनला भेटला होता. तो विद्वान होता. पण थोड्याच काळात वारला. १८१० मध्ये दौलतराव ग्वाल्हेरीस गेले आणि उज्जैन राजधानीही उरली नाही.

महाराष्ट्रात तोवर पंचांगे चालली होती ती गणेश दैवज्ञाच्या १५२० च्या ग्रहलाघवावर. ग्रंथ अप्रतिम, पण कोणतेही करण शतकानुशतके वेधावाचून वापरले की आकाश त्याच्यापासून दूर सरकते. केरो लक्ष्मण छत्रे यांनी १८६५ मध्ये नवे पंचांग काढले, शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी १८९६ च्या आपल्या ग्रंथात हा विषय मुळापासून मांडला, लोकमान्य टिळकांनी त्याचा पाठपुरावा केला. एकादशी कोणत्या दिवशी, या प्रश्नावर घरांघरांत तट पडले. या वादात शास्त्रार्थ पुष्कळ झाला. वेध किती झाले? वेध घेण्यास जागा लागते, आणि ती माळव्यात मोडकळीस आली होती.

ती दुरुस्त झाली १९२३ मध्ये, माधवराव शिंद्यांच्या कारकिर्दीत, आणि तिचे पहिले अधीक्षक झाले गणिताचे व्यासंगी गोविंद सदाशिव आपटे. ‘सर्वानंदकरण’ हा त्यांचा ग्रंथ. जयसिंहाच्या यंत्रांजवळ त्यांच्या मार्गदर्शनाने शंकुयंत्र बांधले गेले. सपाट ओट्यावर मधोमध एक शंकू आणि भोवती सूर्याच्या राशिसंक्रमणांच्या रेषा, इतकेच ते आहे. मला मात्र सर्व यंत्रांत हेच श्रेष्ठ वाटते.

कर्कवृत्त उज्जैनवरून जाते असे वाटाडे सांगतात. खरे पाहता ते आज सुमारे पाव अंश उत्तरेस आहे. तेव्हा २१ जूनला मध्यान्ही सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेकडे असतो. हातभर शंकूची सावली जवाच्या दाण्याएवढीही भरत नाही, आणि जी पडते ती दक्षिणेकडे. ती पाहण्यासाठी घड्याळात साडेबारा वाजण्यापूर्वी ओट्यापाशी असावे. त्या दिवशी ढग असले तर आठवड्याने पुन्हा जावे. जूनच्या अखेरीस सूर्य परतताना ऐन माथ्यावरून जातो.